कच्च्या कागदावर छाप झकास, कार्डावर मात्र फिसकटते: असं का होतं आणि काय करायचं

राखीपौर्णिमा, गणपती, दिवाळी जवळ आली की हातानं भेटकार्डं करणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार सुरू होते. रद्दी कागदावर ठसा मारून बघितला तेव्हा पाकळी न् पाकळी उमटली होती. मग चांगलं महागातलं कार्ड कापलं, घडी घातली, त्यावर तोच ठसा त्याच शाईनं मारला, तर मधोमध पांढरा डाग, एका कडेला जाड काळी रेघ, आणि चुकून बोट लागलं की उरलेलं फिसकटलं. लगेच खापर शाईवर फुटतं. नवा पॅड येतो, चार दिवस बरं चालतं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

शाई खराब असूच शकत नाही असं नाही. पण बहुतेक वेळा ती बिचारी निर्दोष असते. चाचणी आणि प्रत्यक्ष कार्ड यांच्यामध्ये आपल्या नकळत तीन गोष्टी बदललेल्या असतात. रद्दी कागद म्हणजे बहुधा प्रिंटरचा ७०-८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), शाई पटकन पिणारा कागद. कार्ड २५० ते ३०० जीएसएमचं, कडक, आणि बऱ्याचदा वरून लेप दिलेलं. रद्दी कागद सहसा वहीवर किंवा कागदांच्या गठ्ठ्यावर ठेवलेला असतो, म्हणजे त्याच्या खाली आपोआप मऊ बैठक मिळते. कार्ड मात्र एकटंच थेट टेबलावर. आणि तिसरं म्हणजे चार चाचण्या मारेपर्यंत ठशाच्या खाचांत शाई साचलेली असते, कारण प्रत्येक वेळी आपण पॅड लावत जातो आणि पुसत मात्र नाही.

म्हणून पहिला नियम: चाचणी त्याच कार्डाच्या कातरणीवर, त्याच बैठकीवर, पुसलेल्या ठशानं. कार्डं कापताना निघणाऱ्या पट्ट्या फेकू नका, एका पाकिटात जपून ठेवा. पाकिटावर कुठल्या कागदाच्या त्या लिहून ठेवलंत तर आणखी उत्तम.

पांढरा डाग हलतो की नाही?

छाप अर्धवट येत असेल तर काहीही न बदलता कातरणींवर ओळीनं तीन-चार छापा मारा आणि शेजारी शेजारी ठेवून बघा. डाग दर वेळी वेगळ्या जागी पडत असेल तर शाई सारखी लागत नाही किंवा हाताचा दाब कमी-जास्त होतोय. दर वेळी त्याच जागी पडत असेल तर आणखी एक करा: ठसा अर्धा फिरवा, म्हणजे चित्राचं डोकं तुमच्याकडे येईल, आणि पुन्हा मारा. डाग चित्राबरोबर फिरला, समजा आधीही मोराच्या मानेवर होता आणि आताही मानेवरच आहे, तर दोष ठशात आहे. डाग चित्र सोडून टेबलाच्या त्याच बाजूला राहिला तर दोष टेबलाचा किंवा तुमच्या मनगटाचा. ही एवढी तपासणी केली तर नव्या पॅडचे पैसे बऱ्याचदा वाचतात.

टेबलाचा दोष वाटतो त्यापेक्षा फार जास्त आढळतो. सनमायका फुगलेला असतो, काचेखाली कॅलेंडरचं पान सरकवलेलं असतं, कापायची हिरवी मॅट मध्ये बसलेली असते. पारदर्शक ठसे पातळ असतात आणि त्यांच्या मागे फोम नसतो, त्यामुळे टेबलाचा अर्ध्या मिलिमीटरचा खळगाही ते झाकू शकत नाहीत. अशा ठशांसाठी कार्डाखाली माऊसपॅड उलटा ठेवा किंवा शाळेच्या हस्तकलेला मिळणारी पातळ फोमशीट ठेवा. वर्तमानपत्राची चार-पाच पानंही चालतात, फक्त त्यांची घडी ठशाच्या खाली येऊ देऊ नका, नाहीतर ती रेघ छापेत दिसते. लाकडावर बसवलेल्या लाल रबराच्या ठशांना मागे आधीच फोमची चकती असते. त्यांच्याखाली आणखी मऊ बैठक घातली तर बारीक रेघा जाड येतात, कारण कागद रेघेभोवती वळतो आणि रेघेच्या बाजूलाही टेकतो. थोडक्यात, भरीव आणि मोठ्या चित्राला मऊ बैठक, बारीक रेघांना आणि अक्षरांना कडक बैठक.

शाई लावायच्या पद्धतीतही गोम असते. ठसा पॅडवर दाबण्याची सवय आपल्याला कचेरीतल्या शिक्क्यांमुळे लागलेली आहे. भेटकार्डाचा ठसा पॅडपेक्षा मोठा असतो, त्यामुळे उलट करायचं: ठसा वर तोंड करून टेबलावर ठेवा आणि पॅड त्याच्यावर हलक्या हातानं टिपत न्या. घासू नका, दाबू नका. मग ठसा खिडकीकडे तिरका धरून बघा. सगळीकडे सारखी ओली चकाकी दिसली पाहिजे. एखादा भाग मंद दिसला तर तिथेच पांढरा डाग पडणार हे छाप मारण्याआधीच कळतं.

पॅड खरोखरच कोरडा झाला असेल तर त्याच शाईची भरणीची बाटली मिळते, तिचे थेंब टाका आणि जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं सारखे पसरा. पाणी घालू नका. पाण्यानं रंग फिका होतो, छाप ओघळते, आणि पावसाळ्यात पॅडला बुरशी लागण्याची सोय होते.

एकाच जागी दुसऱ्यांदा छाप मारता आली तर अर्धे प्रश्न मिटतात, आणि त्यासाठी झाकणाचं स्टॅम्पिंग प्लॅटफॉर्म मिळतं: खाली कार्ड चुंबकानं धरलेलं, वर ठसा झाकणाला चिकटलेला. बाजारात मिस्टी आणि तशा धर्तीची बरीच आहेत. हौसेपुरतं काम असेल तर जुन्या सीडीचं पारदर्शक कव्हर घ्या. आतला सीडी बसवायचा काळा ट्रे काढून टाका, तळात जाड पुठ्ठा आणि फोमशीट घालून पातळी वर आणा, म्हणजे झाकण मिटल्यावर ठसा कागदाला जेमतेम टेकेल. कागद एका कोपऱ्यात घट्ट सरकवा, ठसा हवा तिथे पालथा ठेवा, झाकण मिटलं की तो झाकणाला चिकटून वर येतो. आता शाई लावा, झाकण मिटून दाबा, उघडून बघा, डाग राहिला असेल तर पुन्हा शाई, पुन्हा दाब. अडचण एकच. ए-फोर कागद अर्धा कापून घडी घातली की कार्ड १०५ गुणिले १४८ मिलिमीटरचं होतं आणि ते सीडीच्या कव्हरात मावत नाही. म्हणून चित्र १० सेंटिमीटरच्या चौकोनी तुकड्यावर मारायचं आणि तो तुकडा कार्डावर डकवायचा. खरं सांगायचं तर मला ही सक्ती फायद्याची वाटते. छाप बिघडली तर तुकडा जातो, कार्ड वाचतं.

नव्या ठशावर शाईचे थेंब गोळा होतात

पाकिटातून नुकताच काढलेला पारदर्शक ठसा. शाई लावली की ती पसरायच्या ऐवजी अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखी थेंबाथेंबानं उभी राहते आणि कागदावर ठिपके उमटतात. ठसा बनवताना त्याच्यावर राहिलेला बुळबुळीत थर हे याचं कारण. भांड्याच्या साबणाच्या पाण्यानं धुवा, वाळू द्या आणि मग पांढरं मऊ खोडरबर चित्राच्या पृष्ठभागावर हलकेच फिरवा. चकाकी जाऊन किंचित मंदपणा आला की शाई धरायला लागते. स्वस्तातल्या ठशांना हे दोनदा करावं लागतं. सॅंडपेपर सांगणारेही भेटतील. बारीक रेघांच्या ठशावर तो वापरू नये असं माझं मत आहे, एकदा गेलेली रेघ परत येत नाही.

आधी चिकटणारा पारदर्शक ठसा आता ब्लॉकवरून, म्हणजे तो ज्याला चिकटवून धरतात त्या ठोकळ्यावरून, गळून पडतो, हीही तक्रार नेहमीची. चिकटपणा बहुधा गेलेला नसतो, त्याच्यावर धूळ आणि शाईचा थर बसलेला असतो. मागची बाजू आणि ब्लॉक दोन्ही साबणानं धुवून हवेवर वाळवा. टॉवेलनं पुसलं की धागे चिकटतात आणि पुन्हा तेच. नेलपॉलिश रिमूव्हर पारदर्शक ठशाच्या जवळही नेऊ नका. ठसा पिवळा किंवा निळसर पडला म्हणून मात्र घाबरू नका, तो फक्त शाईचा डाग असतो, छापेवर त्याचा काही परिणाम नाही.

कडेचे डाग आणि दुहेरी रेघ

चित्राबाहेर, ठशाच्या कडेचा एखादा काळा डाग येत असेल तर चित्राच्या बाजूच्या सखल रबराला शाई लागलेली आहे. कागदाला ठसा टेकवण्याआधी टिशूच्या कोपऱ्यानं ती कड पुसा. दर वेळी तोच डाग येत असेल तर ते जादाचं रबर धारदार कात्रीनं छाटून टाका. कात्री किंचित बाहेर झुकती धरा, म्हणजे रेघेखालचा आधार कापला जात नाही.

दुहेरी रेघ म्हणजे ठसा टेकल्यावर हलला. तो डुलवायचा नाही. सरळ खाली, तळहातानं दाब, दोन सेकंद थांबा, सरळ वर. ठसा मोठा असेल तर खुर्चीत बसून जोर काढण्यापेक्षा उभं राहून दाबा, मनगटाऐवजी खांद्याचं वजन येतं आणि दाब सारखा पडतो.

शाई वाळतच नाही

इथे मात्र शाई आणि कागद यांची जोडी जुळते का ते बघावं लागतं. ठशांच्या शाईचे ढोबळ मानानं तीन प्रकार. डाय शाईत रंग पाण्यात विरघळलेला असतो. ती कागदाच्या तंतूंत मुरते आणि लवकर वाळते, पण उन्हात फिकी पडते. पिगमेंट शाईत रंगाचे कण तरंगत असतात. ती कागदाच्या वर बसते, रंग दाट दिसतो, टिकतोही, पण वाळायला वेळ घेते. तिसरी सॉल्व्हंट शाई. स्टेझऑन हे तिचं सर्वांना माहीत असलेलं नाव. तिच्यातला द्रव उडून जातो, त्यामुळे ती काच, प्लास्टिक, धातू अशा न शोषणाऱ्या पृष्ठभागावरही बसते. ही शाई वापरताना खिडकी उघडी हवी आणि ठसा लगेच तिच्याच क्लीनरनं पुसायला हवा. पारदर्शक ठशांवर ती रोज वापरू नये, रबरी ठशांना चालते.

आता कागद. लग्नपत्रिकांच्या दुकानातून आणलेला चमकदार, मोत्याच्या झळाळीचा कागद बघताक्षणी मोह पाडतो. त्याच्यावर लेप असतो आणि लेप म्हणजे शाईला आत शिरायला दार नाही. अशा कागदावर पिगमेंट शाई दुसऱ्या दिवशीही बोटाला लागू शकते. कचेरीच्या स्टॅम्प पॅडची जांभळी शाई तर साध्या कागदात मुरण्यासाठीच असते, ती इथे ओलीच राहते. कागद ओळखायचा उपाय सोपा आहे: कोपऱ्यात पाण्याचा एक लहान थेंब ठेवा आणि मिनिटभर वाट बघा. थेंब पसरून कागद गडद झाला तर तो शाई पिणार. थेंब तसाच टुमटुमीत राहिला तर डाय आणि पिगमेंट दोन्ही विसरा. तिथे सॉल्व्हंट शाई तरी घ्या, नाहीतर एम्बॉसिंग करा, म्हणजे चिकट छापेवर पावडर टाकून ती तापवून वितळवा.

मुंबईची अब्दुल रहमान स्ट्रीट असो की पुण्याची बोहरी आळी, दुकानदाराला नुसतं ‘कार्डपेपर द्या’ म्हटलं तर तो हाताला येईल ते देतो. लेप नसलेला, मॅट, २५० जीएसएमच्या पुढचा असं स्पष्ट मागा आणि आधी एकच शीट घ्या. शंभराचा गठ्ठा स्वस्त पडतो खरा, पण शाई न पिणारा गठ्ठा घरात वर्षभर पडून राहतो.

पावसाळ्यात आणि थंडीत एम्बॉसिंग पावडर

श्रावणात राख्यांची कार्डं करायला बसणाऱ्यांचं दुखणं वेगळं. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई-कोकणात आणि गोव्यात हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे असते आणि कागद ती सगळी पितो. शाई वाळायला दुप्पट वेळ लागतो, आणि एम्बॉसिंगची पावडर चित्र सोडून सगळ्या कार्डावर चिकटते. व्हर्सामार्कसारख्या चिकट पारदर्शक शाईनं ठसा मारून त्यावर पावडर टाकायची, जादाची झटकायची आणि हीट गननं, म्हणजे खूप गरम हवा सोडणाऱ्या हत्यारानं, वितळवायची, एवढंच खरं तर करायचं असतं. पण कार्डालाच दमटपणा असेल तर पावडर झटकली तरी तिचे कण भुरभुर राहतात आणि तापवल्यावर ते कायमचे चिकटतात.

गंमत म्हणजे डिसेंबर-जानेवारीत नाशिकला किंवा नागपूरला अगदी हेच दिसतं, कारण मात्र उलटं. तिथे हवा कोरडी असते आणि कागदावर स्थिर वीज येते. म्हणून थंडीतला उपाय पावसाळ्यात अर्धाच लागू पडतो. स्थिर विजेसाठी ठसा मारण्याआधी कार्डावर टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर भरलेली छोटी पुरचुंडी हलकेच फिरवायची. जुन्या स्वच्छ मोज्यात भरून गाठ मारली की झाली. दमटपणासाठी मात्र आधी कार्डच वाळवावं लागतं. ठसा मारण्यापूर्वी हीट गन लांब धरून कार्डावरून एकदा फिरवा, गार होऊ द्या, मग पुरचुंडी, मग ठसा. घाई केली आणि गरम कार्डावरच पावडर टाकली तर ती तिथल्या तिथे चिकटते.

झटकल्यानंतरही चार-दोन कण दिसतातच. तापवण्याआधी ते बारीक कोरड्या ब्रशनं उचला, नंतर ते निघत नाहीत. आणि छताचा पंखा बंद करा. पंखा चालू ठेवून पावडर टाकणारे लोक आहेत, आणि पावडर वाया जाते म्हणून रडणारेही तेच. पंख्याखाली उघडा राहिलेला पॅडही लवकर सुकतो, हा वर आणखी तोटा.

हेअर ड्रायरनं होत नाही का, असं हमखास विचारतात. नाही होत. त्याची उष्णता कमी पडते आणि वारा पावडर उडवून लावतो. हीट गन नसेल तर कार्ड छापेच्या मागच्या बाजूनं तापत्या इस्त्रीच्या तळाजवळ धरा, टेकवू नका. इस्त्री उभी ठेवा आणि कार्ड चिमट्यानं धरा. गॅसच्या ज्योतीवर कागद धरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. हीट गन असेल तर ती आधी बाजूला धरून तापू द्या, मग एका कोपऱ्यापासून सावकाश पुढे न्या. पावडर दाणेदार असते ती एकदम गुळगुळीत आणि चकचकीत होते, त्या क्षणी पुढे सरका. तिथेच रेंगाळलात तर ती कागदात मुरून तेलकट डागासारखी दिसते, आणि मग लोक म्हणतात पावडर खराब निघाली.

रंग भरताना काळी रेघ पसरते

छाप सुंदर आली, वाळली, आणि रंग भरायला घेतलं तर काळी रेघ पाकळीत उतरते. इथे दोष सरळसरळ जोडीचा. रंग ज्या द्रवात विरघळतो, त्याच द्रवात रेघेची शाई विरघळायला नको. जलरंगानं भरणार असाल तर पाण्याला न दबणारी शाई हवी: व्हर्साफाइन किंवा आर्काइव्हल. अल्कोहोल मार्करनं भरणार असाल तर मेमेंटोसारखी डाय शाई चालते, आणि सॉल्व्हंट शाई अजिबात चालत नाही, मार्करबरोबर तीही विरघळते. पाण्याला न दबणारी म्हणून आणलेली शाई मार्करला दबते, याचंच पुष्कळांना आश्चर्य वाटतं. डिस्ट्रेस नावाच्या शाया मुद्दाम पाण्यानं पसराव्यात म्हणूनच बनवलेल्या असतात, त्यांनी बाह्यरेषा मारू नका.

घरात असलेल्या प्रत्येक शाईची एकेक रेघ एका कातरणीवर मारा, वाळल्यावर अर्ध्या भागावर ओला ब्रश आणि अर्ध्यावर मार्कर फिरवा, शेजारी शाईचं नाव लिहा. हा कागद टेबलासमोर भिंतीला लावून ठेवा.

प्रिंटरवर छापलेल्या मजकुराचंही तेच. घरच्या इंकजेटची अक्षरं पाणी लागलं की बहुधा ओघळतात, लेझरची ओघळत नाहीत. लेझरच्या अक्षरांजवळ हीट गन फार वेळ धरली मात्र तर टोनर मऊ पडतो आणि घासला जातो.

मराठी मजकुराचे ठसे

हा विषय जरा सविस्तर, कारण इंग्रजी शुभेच्छांचे ठसे ढीगभर मिळतात आणि ‘शुभ दीपावली’, ‘तिळगूळ घ्या गोड बोला’, ‘नांदा सौख्यभरे’ हवे असतील तर बनवूनच घ्यावे लागतात. कोर्टाजवळ, तहसील कचेरीजवळ शिक्के करून देणारा माणूस जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी असतो. त्याच्याकडे गेलात तर आधी हे सांगा: शाई न भरलेला, नुसता ठसा हवा. तो सवयीनं आत शाई भरलेला शिक्का द्यायला बघेल. त्याच्यातली शाई बहुधा तेलाधारित असते, लेपाच्या कागदावर ती वाळायला फार वेळ लावते, आणि आत एकच शाई असल्यामुळे रंग बदलता येत नाही, एम्बॉसिंगही करता येत नाही.

दुसरी गोष्ट अक्षराची. देवनागरी छापेत बिघडण्याची जागा ठरलेली असते. शिरोरेषा सलग आणि भरीव, म्हणून ती सगळ्यात जास्त शाई धरते आणि सगळ्यात जास्त दाबही तिच्यावरच पडतो. तिच्याखालची बारीक उपांगं, उकार, ऋकार, पायमोडका हलन्त, यांच्यापर्यंत दाब कमी पोचतो आणि ती पुसट येतात. अनुस्वाराचा टिंब नेमका उलट वागतो, तो फुगून शिरोरेषेला चिकटतो. आणि जोडाक्षरं: ‘द्ध’, ‘क्ष’, ‘ष्ट’, ‘ज्ञ’ यांच्या पोटातली मोकळी जागा इतकी लहान असते की ती शाईनं भरून जाते. ‘शुद्ध’ लिहायचं होतं आणि ‘द्ध’च्या जागी काळा गोळा आला, अशा पत्रिका सगळ्यांनी पाहिलेल्या आहेत.

म्हणून अक्षराची उंची किमान ६ मिलिमीटर घ्या, जोडाक्षर असेल तर ८. फॉन्ट जाड-बारीक वळणाचा नको, सगळीकडे सारख्या जाडीचा हवा. कॉम्प्युटरवर मजकूर मोठा करून सुंदर दिसतो, पण तो प्रत्यक्ष आकारात एकदा छापून हात लांब करून वाचा. तिथे ‘ष’ आणि ‘प’ यांत फरक कळला नाही तर ठशातही कळणार नाही. उकार फार बारीक असेल तर शिक्केवाल्याला तेवढाच जाड करायला सांगा, तो करून देतो.

छाप मारताना बैठक कडक ठेवा, फोम काढून टाका. शाई एकदाच टिपा. मग शिरोरेषेवरची जादा शाई घालवण्यासाठी ठसा एकदा रद्दी कागदाला हलकेच टेकवून मगच कार्डावर मारा. ही एक खोड लावून घेतली तर गोळे पडणं जवळजवळ थांबतं. अक्षरांना एम्बॉसिंग करायचं असेल तर साधी नाही, अतिबारीक पावडर घ्या. जाड दाण्याची पावडर ‘द्ध’चं पोट हमखास भरून टाकते.

ठसा घरी कोरायचा असेल तर मोठं मऊ खोडरबर उत्तम. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीनं मजकूर सरळ लिहा, तो कागद पालथा रबरावर ठेवा आणि मागून नखानं घासा. पेन्सिल रबरावर उतरते ती आपोआप उलटी, म्हणजे छाप सरळ येते. आधी अक्षरांच्या पोटातल्या जागा कोरा, बाहेरचं नंतर काढा. उलटं केलं तर शिरोरेषा तुटते.

हातकागदावर छाप तुटक येते

पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात शतकानुशतकं कागद होत आला आहे, आणि जयपूरजवळच्या सांगानेरचा कागद तर सगळीकडे पोचतो. हा कागद हातात घेतल्यावर सोडवत नाही. ठशासाठी मात्र तो अवघड असतो, हे मान्य करून टाकलेलं बरं. पृष्ठभाग खडबडीत असला की बारीक रेघ उंचवट्यावर उमटते आणि खळग्यात तुटते. खळ कमी असलेला कागद असला की शाई फुटते, रेघेला केस फुटल्यासारखे दिसतात.

यावर दोनच मार्ग खरे. दाबून गुळगुळीत केलेला हातकागद मागा. किंवा खडबडीत कागद कार्डाची पार्श्वभूमी म्हणून वापरा आणि छाप गुळगुळीत तुकड्यावर मारून वर डकवा. खडबडीतवरच ठसा हवा असेल तर बारीक चित्राचा हट्ट सोडा आणि कापडावर छपाई करायचे लाकडी ठसे घ्या. कापडछपाईची टेबलं कापडाच्या थरांनी मऊ केलेली असतात, तेव्हा इथेही खाली जाड सुती चादरीची घडी घाला. पॅडऐवजी स्पंजवर ॲक्रेलिक रंग पसरून तो ठशाला लावा. काम झालं की ठसा लगेच दात घासायच्या ब्रशनं धुवा, ॲक्रेलिक वाळलं तर कोरीवकामातून निघत नाही.

घडी तडकते, कार्ड वाकतं

छापेशी याचा थेट संबंध नाही, पण विचारणारे तेच असतात. जाड कागदाच्या तंतूंना दिशा असते. शीट दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूनं सहज वाकते, त्या रेषेला समांतर घडी घाला. आधी स्टीलची पट्टी ठेवून संपलेल्या बॉलपेननं रेघ ओढा, आणि खाच बाहेरच्या बाजूला राहील अशी घडी करा.

डकवताना पांढरा गोंद भरपूर लावला की त्यातल्या पाण्यानं कागद फुगतो आणि वाळताना वाकतो. पातळ थर लावा, किंवा पावसाळ्यात सरळ दुहेरी चिकटपट्टी वापरा. वाळताना वर वजन ठेवायचं असेल तर मध्ये बटर पेपर घाला, नाहीतर पिगमेंट शाईची छाप समोरच्या पानावर उतरते. पाकिटात घालण्याआधी एक अख्खा दिवस कार्ड उघडं राहू द्या, दमट हवेत दोन. राखीचं कार्ड टपालानं परगावी जाणार असेल तर हे दिवस आधीच हिशेबात धरा, आणि उरलेला कागद सिलिका जेलच्या पुड्यांसकट झाकणाच्या डब्यात, आडवा आणि सपाट ठेवा.